आभाराची सात पानं

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी तीच माणसं लिहितात. हृदयाचे डॉक्टर हृदयावर लिहितात, पुलांचे इंजिनियर पुलांवर लिहितात, आणि ज्यांना काहीच सुचत नाही ते आपण पहिल्यांदा बर्फ पाहिला त्या दिवसावर लिहितात. यंदा संपादकबाई ईडन प्रेरीला आमच्या घरी आल्या, दोन कप चहा प्याल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्हीपण जॉब करायचात ना? त्यावर लिहा की थोडं."

त्यातला 'पण' मला झोंबला. म्हणून थोडं नाही, चांगलं ऐसपैस लिहिते आहे.

हो, मीपण नोकरी करायचे. इथल्या विद्यापीठाच्या थीसिस ऑफिसात चौदा वर्षं मी पीएच.डी.च्या प्रबंधांच्या कडा मोजल्या. आतला मजकूर नव्हे, कडा. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "ही पीएच.डी. देते." पाहुणे चमकून माझ्याकडे बघायचे, मग माझ्या हातातल्या पोह्यांच्या बशीकडे बघायचे, आणि मला खुलासा करावा लागायचा. पण खरं सांगू? ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाच प्रोफेसरांनी सह्या ठोकल्या तरी माझा शिक्का पडेपर्यंत माणूस डॉक्टर होत नसे.

धंदा समजावून सांगते. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तेव्हा प्रबंध टाइप करून खोक्यात घालून आणायचे. पानाच्या डाव्या बाजूला दीड इंच कोरी जागा हवी, कारण बाइंडर तिथे शिवतो. उरलेल्या तीन बाजूंना एकेक इंच, कारण तो तिथे पातं चालवतो. त्या जागेत एखादं अक्षर घुसलं तर ते शिलाईत तरी जाणार किंवा कात्रीत तरी. कागद कापसाचा, उजेडाकडे धरला की आत कंपनीची छाप दिसलीच पाहिजे. सह्या काळ्या शाईत. आभार एक पान, त्याहून ओळभरही जास्त नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, नाव घातल्यापासून सात वर्षांच्या आत माझा शिक्का. सात वर्षं उलटली की सगळं रद्द, पुन्हा परीक्षांपासून श्रीगणेशा.

माझ्या टेबलावर एक पारदर्शक पट्टी, एक भिंग आणि तारीख-वेळेचा तो शिक्का. पुण्यात टायपिंगच्या क्लासला मास्तर हातावर फूटपट्टी मारायचे. इथे पट्टी माझ्याकडे आली आणि मी तिचा पुरेपूर वापर केला. माझं आडनाव कुणाला म्हणता येत नसे, त्यामुळे मी सगळ्यांची 'मिसेस के'. कॉरिडॉरमध्ये मिसेस केचं नाव निघालं की चांगली दाढीवाली माणसं घाम पुसायची.

नमुने तर काय एकेक! एकानं पानं घडी पडली म्हणून इस्त्री केली. त्याच्या तिसऱ्या प्रकरणावर इस्त्रीचं तपकिरी टोक स्पष्ट उमटलं होतं. फिजिक्सच्या एका मुलानं ठिपक्याठिपक्यांच्या प्रिंटरवर छापून आणलं, जे तेव्हा चालत नसे. मी परत केलं तर तासभर वाद घातला की या विश्वात सगळंच ठिपक्यांचं बनलेलं आहे. मी म्हटलं, असेल, पण शाई सलग हवी.

पण माझा जीव अडकायचा तो एज्युकेशनवाल्यांमध्ये. त्यांच्यात काळे होते, मेक्सिकन होते, इथले मूळचे इंडियन होते, ज्यांच्यामुळे मला प्रत्येक फॉर्मवर "कुठल्या इंडियन?" असं विचारलं जायचं. फॉर्मवर या सगळ्यांना 'मायनॉरिटी' म्हणत. आता 'स्टुडंट्स ऑफ कलर' म्हणायचं, असं नात सांगते. मी कुठल्या चौकोनात खूण करायची ते मला कधीच कळलं नाही. बहुतेक मी 'अदर'. तर ही काही पोरंसोरं नव्हती. चाळिशी-पन्नाशीची माणसं, दिवसभर शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी स्वतः शिकायला यायची. बाहीला खडू तसाच.

मी प्रत्येकाला विचारायची, "का करताय हे या वयात?" विचारायचं मला काही कारण नव्हतं, पण चौकशी अंगात मुरलेली. एक म्हणाला, प्रमोशन. एक म्हणाली, "सासू म्हणाली जमणार नाही." एक मेक्सिकन गृहस्थ म्हणाले, "आमच्या मुलांवर बाहेरची माणसं येऊन थीसिस लिहून जातात. म्हटलं, या वेळी आपणच लिहू."

आणि एक होते रॉय. उत्तरेकडे त्यांच्या रिझर्व्हेशनवरच्या, म्हणजे मूळच्या इंडियनांना नेमून दिलेल्या वस्तीतल्या शाळेत शिक्षक होते, चार तास गाडी चालवून यायचे. त्यांच्या प्रबंधाची डावी कड सगळ्या पानांवर इंचाच्या आठव्या भागानं कमी भरली. मी पट्टी दाखवली आणि म्हटलं, "सगळं परत टाइप करावं लागेल." ते हसले, "ओके मॅम" म्हणाले, खोकं काखेत मारलं आणि गेले. पुन्हा आले नाहीत. मी दोनदा पत्रं पाठवली, उत्तर नाही. नियम मी केला नव्हता हे खरं, पण पट्टी मीच लावली होती. पुढे एकदा बाइंडरशी बोलताना कळलं की आठवा भाग कमी असला तरी त्याला चालतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

आता गजभियेंबद्दल. हे नागपूरचे, तेही एज्युकेशनमध्येच. पहिली काही प्रकरणं आगाऊ मोजून घ्यायला आले तेव्हा मराठी ऐकून मला इतका आनंद झाला की मी आपलं नेहमीचं विचारून बसले, "गजभिये म्हणजे... कुठले तुम्ही?" मराठी माणूस हा प्रश्न का विचारतो ते मराठी माणसाला बरोबर कळतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "नागपूरचे. मार्जिन दीड इंच आहे, ताई, मोजून घ्या न." मी मोजलं. दीडच होतं.

पण एका प्रकरणाच्या पानावर अंगठ्याचा पिवळा डाग. मी भिंग लावलं. हळद! मी म्हटलं, "गजभिये, जेवताना प्रबंध हाताळू नये." त्यांनी डाग नीट पाहिला, आपला अंगठा त्याच्या शेजारी ठेवला. त्यांचा अंगठा दुप्पट रुंद. मग त्यांनी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावरच्या डब्याकडे पाहिलं. त्यात पोळी आणि लिंबाचं लोणचं.

"काय म्हणता ताई," ते म्हणाले, "हे तर तुमच्याच खात्यातलं दिसून राहिलं."

ते पान मी स्वतः बसून टाइप करून दिलं. त्यानंतर आमची मैत्री झाली आणि ते येता-जाता माझ्याकडे डोकावू लागले.

तर तो फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार. विंटर क्वार्टरची मुदत संध्याकाळी साडेचारला संपणार होती. साहेब सुट्टी घेऊन फ्लोरिडाला गेलेले, ऑफिसात मी एकटी. बाराच्या सुमाराला मिसेस बर्निस टॉलिव्हर आल्या. शहराच्या उत्तर भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या काळ्या प्रिन्सिपल, वय बावन्न, डोक्यावर जांभळी हॅट, छातीशी खोकं. त्या आत आल्या की मी नकळत ताठ बसायची. त्यांची सात वर्षं नेमकी त्याच दिवशी संपत होती.

मी पानं मोजायला घेतली. टायपिंग बघून डोळे निवले. डावीकडे दीड, बाकी एक, कागद कापसाचा, सह्या काळ्या. मग आभार. एक पान, दोन पानं, तीन... सात पानं.

"मिसेस टॉलिव्हर, आभार एकच पान चालतं."

"मला माहीत आहे."

"मग?"

"कुणाचं नाव काढू ते तुम्ही सांगा." त्यांनी पर्समधून लाल पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली, जशी फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलासमोर ठेवावी.

मी पेन्सिल घेतली आणि वाचायला लागले. नव्वदेक नावं होती आणि प्रत्येकापुढे त्यानं काय केलं ते. चर्चमधल्या एका बाईंनी सात वर्षं दर मंगळवारी मिसेस टॉलिव्हरांच्या सासऱ्यांना जेवू घातलं. शाळेचा झाडूवाला लायब्ररी बंद व्हायच्या वेळी येऊन त्यांची गाडी गरम करून ठेवायचा. एका शेजारणीनं त्यांच्या मुलीच्या लग्नाचा केक केला, कारण त्याच आठवड्यात त्यांची लेखी परीक्षा होती. एक मिस आयडा, वय अठ्ठ्याऐंशी, वाचता येत नाही. तिनं दुसरं प्रकरण मोठ्यानं वाचून घेतलं आणि म्हणाली, "बाळ, फार लांबलंय." तिचं ऐकून दहा पानं कापली, असं त्यात प्रामाणिकपणे नोंदलं होतं.

मी सातही पानं वाचली आणि पेन्सिल त्यांना परत दिली. माझ्याच्यानं एक ओळ मारवेना. पण शिक्काही मारवेना. एकदा सवलत दिली तर पुढच्याला काय सांगणार? आणि मला राहून राहून रॉय दिसत होते, काखेत खोकं घेऊन दारातून जाणारे.

"मिसेस टॉलिव्हर, सात वर्षं वाया जातील हो."

"मिसेस के, ही सात वर्षं माझी नाहीत. यांची आहेत. यांना दाराबाहेर ठेवून मी आत येणार नाही."

आम्ही दोघी हटवादी बायका एकमेकींकडे बघत बसलो. घड्याळ पुढे सरकत होतं. तेवढ्यात गजभिये कागद घ्यायला आले, चेहरे पाहिले आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कान खाजवला.

"ताई, आभाराला एक पानाचा नियम आहे. परिशिष्टाला किती पानांचा आहे?"

परिशिष्टाला मर्यादाच नव्हती! मागे एकानं अख्ख्या जिल्ह्याच्या शाळांची यादी जोडली होती आणि मी मुकाट्यानं मोजली होती. इतकी वर्षं मी नियम पाठ म्हणत आले आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. फक्त दोन अटी होत्या. परिशिष्टाचा उल्लेख आतल्या मजकुरात हवा, आणि मजकुरात बदल केला की गाइडची सही हवी.

मिसेस टॉलिव्हरांचा विषय काय होता ठाऊक आहे? आजी झालेल्या काळ्या शिक्षिका डॉक्टरेट करायला परत का येतात. अकरा जणींच्या मुलाखती घेतल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "चौथ्या प्रकरणात एक ओळ घाला."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितली. मी ऑफिसच्या टाइपरायटरवर पान नव्यानं टाइप केलं. शेवटची ओळ होती, 'बाराव्या शिक्षिकेची, म्हणजे संशोधिकेची, कारणं परिशिष्ट ई मध्ये दिली आहेत.'

आता गाइड. प्रोफेसर एरिक्सनच्या ऑफिसात फोन लावला. सेक्रेटरी म्हणाली, "ते लेकवर गेलेत. फिशहाउस काढायचंय." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, इथली माणसं हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपटं नेऊन ठेवतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यात गळ सोडून दिवसच्या दिवस बसतात. फेब्रुवारी संपता संपता खोपटं हलवावी लागतात, नाहीतर बर्फ वितळून सगळं खाली जातं. तळं तासाभराच्या अंतरावर, आणि अडीच वाजून गेलेले.

जाऊन यायला पावणेपाच होणार हे उघड होतं. मी उठले, शिक्का, पट्टी आणि डबा पर्समध्ये टाकला, दारावर 'लगेच येते'ची पाटी लावली. प्रबंध ऑफिसात साडेचारच्या आत पोचला पाहिजे असा नियम होता. ऑफिसनं कुठे असावं याबद्दल नियमात काहीच लिहिलेलं नव्हतं.

गजभियेंच्या जुन्या गाडीचा हीटर बंदच व्हायचा नाही, म्हणून आम्ही उणे तापमानात काचा उघड्या ठेवून निघालो. मिसेस टॉलिव्हर मागे, मांडीवर खोकं, एका हातानं हॅट धरलेली. वाटेत त्यांनी गजभियेंना विचारलं, "तरुण माणसा, तू का करतो आहेस हे?"

ते इंग्लिशमध्ये म्हणाले, "माझ्या आजोबांना शाळेत बाहेरच्या पायरीवर बसवायचे. तिथून फळा अर्धाच दिसायचा. मी कोणती मुलं कुठे बसतात त्यावर लिहितोय."

"अच्छा," मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडेही." आणि त्यांनी मागून गजभियेंच्या खांद्यावर हात ठेवला.

मी पुढे बसून समोरच्या रस्त्याकडे बघत होते. पहिल्या दिवशी मी गजभियेंना काय विचारलं होतं ते आठवून मला लाज वाटली.

तळ्यावर पाहतो तर बर्फावर चक्क गाड्या उभ्या! गजभियेंनी काठालाच ब्रेक लावला. "ताई, आपल्याकडे गाडी तलावात गेली तर क्रेन बोलावते. मी नाही जाऊन राहिलो बाप्पा." मला वाटलं, मिसेस टॉलिव्हर तरी इथल्या सरावाच्या. तर त्या म्हणाल्या, "मी मूळची मिसिसिपीची. आमच्याकडे मासे पातळ पाण्यात असतात."

शेवटी तिघंही पायी निघालो. पुढे गजभिये, मध्ये जांभळी हॅट आणि खोकं, मागे मी, साडीवर ह्यांचा जाडा कोट आणि पायात बूट. बर्फ मधूनच खोल कुठेतरी 'कुईं' करायचा आणि आम्ही तिघं एकदम थांबायचो. एकेका खोपटाचं दार ठोठावत गेलो. एकानं बियर देऊ केली, एकानं कॉफी, एका आजोबांनी तर आम्ही धर्मप्रसाराला आलोय असं समजून "आम्ही लुथेरन आहोत" म्हणत दार लावून घेतलं. चार वाजून गेले. मिसेस टॉलिव्हरांचे ओठ पांढरे पडले होते, पण खोकं कुणाच्या हातात देईनात. आता ही सात वर्षं या बर्फातच बुडणार असं मला वाटायला लागलं.

सतराव्या की अठराव्या खोपटात प्रोफेसर एरिक्सन सापडले. उलट्या बादलीवर बसले होते, समोर भोक, त्यात गळ. आम्हाला बघून म्हणाले, "बर्निस? मिसेस के? मी मेलो की काय?"

मिसेस टॉलिव्हरांनी सात पानं त्यांच्या हातात दिली. ते वाचायला लागले. दोरी हलली, मासा लागला होता, पण त्यांनी मान वर केली नाही. शेवटचं पान झाल्यावर चष्मा काढून पुसला. "बर्निस, सात वर्षं मी तुला विचारतोय, तू स्वतः का आलीस. तू दर वेळी म्हणायचीस, सही करा आणि मला जाऊ द्या."

"मला वाटलं, सांगितलं तर याला रिसर्च म्हणणार नाही तुम्ही."

"कुठे सही करू?"

त्यांचं काळं पेन थंडीनं गोठलेलं. त्यांनी खिशातून निळं काढलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "निळी चालणार नाही."

तिघं माझ्याकडे बघत होते. मासासुद्धा ओढायचा थांबला. पण नियम तो नियम, मी काय करू? गजभियेंनी काळं पेन छोट्या शेगडीवर धरून पापडासारखं उलटंपालटं शेकलं. सही झाली. मी पट्टी काढली, गुडघ्यावर पान ठेवून नवीन पानाची कड मोजली. दीड इंच. शिक्का मारला. चार वाजून चोवीस मिनिटं. साहेबांना मी हे कधीच सांगितलं नाही. आता ते नाहीत आणि मी रिटायर झालेय, म्हणून लिहिते आहे.

मार्चमध्ये पदवीदान झालं. त्या दिवशी माझी ड्यूटी हॉलमध्ये शिस्त ठेवायची. नावं पुकारताना कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेवटी सगळ्यांनी एकदम वाजवायच्या, असा नियम होता. चर्चची दोन बसभर माणसं आली, बायकांच्या हॅट रंगीबेरंगी. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "त्यांना जरा सांगून या." मी गेले. मी तोंड उघडायच्या आतच पुढचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आम्हाला माहीत आहे, मॅम. बर्निसनं बसमध्ये तीनदा बजावलंय. जो आवाज करील त्याला तिच्या ऑफिसात जावं लागेल."

नावं सुरू झाली. नियम कोण पाळतो? बाकीच्यांचे आईबाप, भाऊबहिणी जल्लोष करत होते, कुणी शिट्टी मारली, कुणी भोंगा आणला होता. साहेब हताश होऊन छताकडे बघत होते. मग पुकारलं, "डॉक्टर बर्निस टॉलिव्हर."

आणि काहीच आवाज आला नाही. फक्त ती नव्वद माणसं उभी राहिली. मंगळवारी जेवू घालणाऱ्या, गाडी गरम करून ठेवणारे, केक करणाऱ्या, सगळे. कुणी चुळबूळ केली नाही, कुणी खोकलं नाही. त्यांच्याकडे बघून बाकीचा हॉलही गप्प झाला. स्टेजवर मिसेस टॉलिव्हरांनी मान वाकवली आणि प्रोफेसर एरिक्सननी त्यांच्या गळ्यात डॉक्टरेटचं रेशमी वस्त्र घातलं.

तेवढ्या शांततेत हॉलच्या कोपऱ्यातून कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. साहेबांनी पाहिलं. मी होते ती.

डॉक्टर टॉलिव्हरांनी स्टेजवरून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, अगदी प्रिन्सिपलच्या नजरेनं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मी आणखी जोरात वाजवल्या.